कडेला उभा असलेला माणूस: जुन्या इंदूरच्या रस्त्यांचे फोटो कसे वाचावेत

जुन्या इंदूरचा फोटो समोर आला की बहुतेकांचं बोट आधी राजवाड्यावर जातं. मजले मोजले जातात, खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी यावर थोडी चर्चा होते आणि फोटो पुढच्याच्या हातात जातो. खालच्या कोपऱ्यात टांग्याच्या चाकाला टेकून बसलेल्या माणसाकडे कुणाचं लक्ष जात नाही. तो कुठून आला असेल, कुणाची वाट बघत असेल, घरी परतायला त्याला किती वाजले असतील? हे रंगवायची हौस असेल, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नसेल, तर पुढच्या पायऱ्या उपयोगी पडतील.

एक अट मात्र आधीच सांगतो. कल्पना हवी तेवढी लढवा, पण प्रत्येक कल्पनेला टांगायला फोटोत एक खुंटी हवी. खुंटी म्हणजे फोटोत प्रत्यक्ष दिसणारी, दुसऱ्याला बोटाने दाखवता येईल अशी गोष्ट. "त्याच्या डोळ्यांत दुःख आहे" ही खुंटी नव्हे. उन्हात कॅमेऱ्यासमोर उभं केलं की सगळ्यांचेच डोळे तसे दिसतात.

पायरी 1: फोटो निवडा, पण राजेरजवाड्यांचा नको

सगळ्यात चांगला साठा घरातच पडून असतो, तो म्हणजे वरातीचे फोटो. रामबाग, नारायणबाग, जेल रोड, कुठल्याही भागातलं जुनं मराठी घर घ्या. काळ्या जाड पानांचा, मध्ये पातळ जाळीदार कागद असलेला एक अल्बम कपाटात निघतोच. घरचे लोक त्यात नवरदेव बघतात. तुम्ही नवरदेवाच्या मागे बघा. ओट्यावर उभं राहून वरात बघणारी बाई, डोक्यावर गॅसबत्ती घेतलेला माणूस, अर्धी पाटी दिसणारं दुकान, मध्येच घुसलेली पोरं. यांचा फोटो कुणी मुद्दाम काढलेला नाही, म्हणूनच तो इतका खरा आहे. अनंत चतुर्दशीच्या मिल कामगारांच्या झांक्या (मिरवणुकीतले सजवलेले देखावे) आणि रंगपंचमीची गेर (रंग उडवत जाणारी मिरवणूक) यांचे फोटोही असेच वाचा. झांकी सोडा, गर्दी बघा.

बाहेरचा साठा हवा असेल तर ब्रिटिश लायब्ररीच्या संग्रहात मध्य भारताचे जुने फोटो आहेत. आपल्या गावाला तर लाला दीनदयाल यांचा वारसा आहे. 1844 मध्ये सरधन्याला जन्मलेले, रुडकीला अभियांत्रिकी शिकलेले दीनदयाल 1866 च्या सुमारास इंदूरला बांधकाम खात्यात नकाशे आणि अंदाजपत्रकं करायला आले. 1874 च्या सुमारास त्यांनी हातात कॅमेरा धरला. पुढे ते निजामाच्या दरबारी गेले आणि राजा दीनदयाल झाले, पण कॅमेऱ्याची सुरुवात इथली. त्यांचे फोटो देखणे आहेत, फक्त नवख्याने तिथून सुरुवात करू नये. देवळाच्या किंवा वाड्याच्या फोटोत माणूस असतो तो अनेकदा खांबाची उंची कळावी म्हणून उभा केलेला. त्याला हलू नकोस असं बजावलेलं असतं आणि तो मुकाट्याने उभा असतो. त्याच्याबद्दल लिहिता येतं, पण ते अवघड काम आहे, नंतर करा.

फोटोखालच्या मथळ्यावर फार भिस्त ठेवू नका. त्या काळी इंदूर एक नव्हतं. होळकरांचं शहर वेगळं आणि रेसिडेन्सीचा इंग्रजी अमलाखालचा इलाका वेगळा. शिवाय जवळच महूची लष्करी छावणी. पोस्टकार्ड छापणारा तिन्हींवर बिनदिक्कत "इंदूर" छापायचा. मोकळे रुंद रस्ते, बंगले आणि लांब कुंपणं दिसली तर राजवाड्याच्या आसपास शोधत बसू नका.

स्कॅन करताना छोटा फोटो निदान 600 डीपीआयने करा आणि मागची बाजूही करा. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेली तारीख, कधी मोडीतली एखादी ओळ तिथेच सापडते. आणि मोबाइलमधलं ते "फोटो सुधारा" वालं अ‍ॅप कृपा करून लांब ठेवा. ते अस्पष्ट चेहरा स्पष्ट करत नाही, नवा चेहरा बनवून चिकटवतं. पापण्या, दात, कपाळावरच्या रेषा सगळं त्याच्या पदरचं. रंग भरणाऱ्या अ‍ॅपचंही तेच. फळीवर लावायला ठीक, वाचायला निरुपयोगी.

पायरी 2: गोष्ट नंतर, मोजदाद आधी

पुठ्ठ्याला काडेपेटीएवढी खिडकी कापा आणि ती फोटोवर सरकवत न्या. संगणकावर असाल तर फोटो मोठा करून एकेक कोपरा बघा. कडांपासून सुरुवात करा, मध्यभागी सगळ्यात शेवटी या. काय दिसतं ते वहीत उतरवा: माणसं किती, बायका किती, मुलं किती, जनावरं कोणती, अनवाणी कोण, डोकं उघडं कुणाचं. विशेषणं नकोत. "गरीब म्हातारा" असं लिहू नका. "पांढरी दाढी, धोतर गुडघ्याच्या वर, पायात काही नाही" असं लिहा. हे काम कंटाळवाणं आहे आणि टाळलं तर पुढचं सगळं ढिसाळ होतं.

पायरी 3: कॅमेऱ्याने काय केलं ते ओळखा

1880 च्या आधीचा फोटो बहुधा ओल्या काचेचा. काचेला रसायन लावायचं, ते ओलं आहे तोवर, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत, फोटो काढून धुवायचा. म्हणजे फोटोग्राफरसोबत अंधारी राहुटी, बाटल्या, पाण्याच्या घागरी आणि दोन-तीन मदतनीस असणारच. असा लवाजमा बाजारात उतरला की गर्दी जमणार. तेव्हा फोटोतले सगळे आपल्याकडे टक लावून बघत असतील तर "इंदूरचे लोक किती गंभीर" असा निष्कर्ष काढू नका. समोर तमाशा चालला होता, ते तमाशा बघत होते.

दुसरं म्हणजे वेळ. ओल्या काचेला भर उन्हातही काही सेकंद उघडं राहावं लागे. चालणारा माणूस एका सेकंदात मीटरभर पुढे जातो. म्हणून चालणारे पुसट होतात, भरभर चालणारे पार नाहीसे होतात. रस्ता रिकामा दिसला म्हणजे तो रिकामा होता असं नाही. 1838 मध्ये फ्रेंच फोटोग्राफर दगेरने पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो काढला. त्यात बूट पुसून घ्यायला थांबलेला माणूस तेवढा उमटला, बाकी सगळी वाहतूक गायब. आपल्या खजुरी बाजारालाही तोच नियम लागू.

यातून एक उपयोगी गोष्ट निघते. फोटोत लख्ख दिसतो तो थांबलेला माणूस, मग त्याला थांबवलं असेल, तो वाट बघत असेल किंवा त्याचं कामच एका जागी बसायचं असेल. पुसट दिसतो त्याला त्या क्षणी थांबायला सवड नव्हती. मला स्वतःला पुसट माणसं जास्त आवडतात. पाटी घेतलेला हमाल, पखालीचा बैल हाकणारा, कडेवर मूल घेऊन रस्ता ओलांडणारी बाई, हे साधारण पुसटच सापडतात. घोड्याकडे बघायचं तर त्याच्या शेपटीकडे बघा. पाय स्पष्ट आणि शेपटीचा नुसता धूर, म्हणजे टांगा उभा होता आणि माश्या होत्या. एवढ्यावरून ऋतूचाही थोडा अंदाज येतो.

1880 नंतर कोरड्या काचा आल्या, वेळ सेकंदाच्या अंशावर आला आणि चालती माणसं फोटोत उतरू लागली. 1900 नंतर स्वस्त बॉक्स कॅमेरे निघाले आणि हौशी लोकांचे वाकडेतिकडे फोटो सुरू झाले. आपल्या कामाला हे वाकडे फोटो सोन्यासारखे.

फोटो उलटा छापला गेलाय का तेही आत्ताच बघा. दुकानाची पाटी वाचता येते ना? पाटी नसेल तर ओळखीची इमारत ज्या बाजूला असायला हवी तिथे आहे का? काच उलटी पडली की डावं उजवं होतं आणि तुम्ही सगळी माणसं चुकीच्या दिशेला चालवत बसता.

पायरी 4: काळं काळं नसतं, पांढरं पांढरं नसतं

इथे जरा थांबायला हवं, कारण नवखा माणूस सर्वात जास्त फसतो तो इथेच.

जुन्या काचांना सगळे रंग सारखे दिसत नसत. ओल्या काचेला निळा रंग तेवढा "दिसायचा". लाल आणि पिवळा जवळजवळ दिसतच नसत, म्हणून ते काळपट उमटत. पुढच्या काचांना हिरवा कळू लागला, तरी लाल कळेना. सगळे रंग कळणाऱ्या काचा 1906 च्या सुमारास विक्रीला आल्या, पण त्या सर्रास वापरात यायला आणखी बरीच वर्षं गेली. त्यामुळे त्या काळातल्या फोटोत कुंकू काळं दिसतं, हळद काळपट दिसते, भगवी पताका काळी दिसते आणि फिकट निळं लुगडं पांढरंशुभ्र दिसतं. आकाश कोरं असतं तेही याचमुळे. ढग असूनही दिसत नाहीत.

आता एक प्रसंग घ्या. गल्लीच्या तोंडाशी नऊवारीतली एक बाई उभी आहे आणि लुगडं गडद काळं दिसतंय. एक जण म्हणेल, ही काळी चंद्रकळा, म्हणजे नवी सून असेल, संक्रांतीचे दिवस असतील, हातात तिळगुळाचं तबक असेल. गोष्ट छान जमते. पण त्या काळी केशवपन केलेल्या ब्राह्मण विधवा जे आलवण नेसत, ते लाल असे. लाल म्हणजे या काचेवर काळं. एकच काळा डाग, आणि त्यातून निघणारी दोन आयुष्यं एकमेकांच्या अगदी उलट. कुठलं खरं?

खुंट्या शोधा. लुगड्याला काठ दिसतो का? आलवण बिनकाठाचं असे. मनगटावर बांगड्यांची रेघ आहे का? पदर डोक्यावरून कपाळापर्यंत घट्ट ओढलेला आहे की अंबाड्यावर सैल टेकलेला? अंबाड्याचा उंचवटा पदराखालून जाणवतो का? कपाळावर काळा ठिपका असेल तर तो कुंकवाचा. नाकाशी नथीचा पुंजका? यांतल्या दोन-तीन खुंट्या एका बाजूला आल्या तर पुढे जा. एकही सापडली नाही तर "गडद लुगडं नेसलेली बाई" एवढ्यावर थांबा आणि तिच्याविषयी दुसरं काहीतरी लिहा, म्हणजे ती कुठे बघते आहे, दारात आहे की दाराबाहेर आहे, पायांत काय आहे. तिळगुळ मात्र देऊ नका. पांढऱ्या लुगड्याचीही हीच तऱ्हा. पांढरं दिसलं की विधवा ठरवून टाकणारे पुष्कळ भेटतात, आणि ते लुगडं कदाचित छान आकाशी असेल.

हाताने रंगवलेली पोस्टकार्डं तर सपशेल सोडून द्या. रंगवणाऱ्याने इंदूर पाहिलेलंच असेल असं नाही. पागोट्यांचे रंग त्याने आपल्या मर्जीने भरलेत.

पायरी 5: वर्ष दोन टोकांतून पकडा

नेमकं वर्ष शोधत बसू नका. "याच्या आधीचा नाही" आणि "याच्या नंतरचा नाही" अशी दोन टोकं धरा.

इंदूरसाठी काही टोकं हाताशी ठेवा. आगगाडी किंवा रुळांचा मागमूस दिसला तर फोटो 1870 च्या दशकाअखेरचा किंवा नंतरचा. या मार्गासाठी तुकोजीराव होळकर दुसरे यांनी 1870 मध्ये इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते. घड्याळाचा मनोरा असलेला गांधी हॉल दिसला तर 1904 नंतरचा. मथळ्यात "किंग एडवर्ड हॉल" (गांधी हॉलचंच जुनं नाव) असेल तर बहुधा 1948 च्या आधीचा, कारण त्या वर्षी नाव बदललं. गिरणीची उंच चिमणी दिसली तर बहुधा मालवा मिल, हुकुमचंद मिल यांचा काळ, म्हणजे साधारण विसाव्या शतकाचं पहिलं-दुसरं दशक आणि पुढे. गर्दीत गांधीटोप्या असतील तर 1920 च्या आगेमागे किंवा नंतर. गांधीजी हिंदी साहित्य संमेलनासाठी 1918 आणि 1935 असे दोनदा इथे आले होते, तेव्हा संमेलनाचा फोटो म्हणून कुणी काही दाखवलं तर आधी टोप्या मोजा. पाटीवर किंवा गाडीवर "मध्यभारत" लिहिलेलं असेल तर चैनच. ते राज्य 1948 ते 1956 एवढंच होतं.

रिगल किंवा यशवंत टॉकीजच्या भिंतीवर सिनेमाचं पोस्टर दिसलं तर वेगळं काही करावं लागत नाही. सिनेमा कधी आला ते शोधा, फोटो त्यानंतरचा. पण दुसरी-तिसरी फेरी लागलेले जुने सिनेमेही असत, म्हणून "त्याच वर्षीचा" असं म्हणू नका.

राजवाड्याच्या चेहऱ्यावरून तारीख ठरवायला जाऊ नका. 1984 च्या दंगलीतल्या आगीत मागचा भाग जळाला, दर्शनी भाग टिकला. समोरून तो आधी आणि नंतर बराच सारखा दिसतो. त्याच्यापेक्षा समोरच्या चौकात काय उभं आहे ते बघा: टांगे, सायकली, स्कूटर की टेम्पो.

पायरी 6: सावली मोजा

इंदूर साडेबावीस अंश अक्षांशाच्या किंचित वर आहे, कर्कवृत्ताच्या जरासं खाली. याचा फायदा असा की जूनमध्ये भर माध्यान्ही सावली जवळजवळ पायाखाली असते आणि डिसेंबरअखेर माध्यान्हीची सावली माणसाच्या उंचीएवढी पडते. ही दिवसातली सगळ्यात आखूड सावली. म्हणून फोटोतली सावली माणसापेक्षा स्पष्टपणे आखूड असेल तर डिसेंबरअखेर बाद. निम्म्याहून आखूड असेल तर फोटो साधारण मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचा. कॅमेऱ्याच्या दिशेने किंवा उलट दिशेने पडलेली सावली मोजू नका, ती आखूड भासते. आडवी पडलेली मोजा.

आता नकाशावर बघा की कॅमेरा कोणत्या दिशेला तोंड करून आहे. सावली पश्चिमेकडे पडली तर सकाळ, पूर्वेकडे पडली तर दुपार उतरलेली. एवढं कळलं की माणसाचा दिवस मांडता येतो. सकाळचा सराफा आणि उतरत्या दुपारचा सराफा यांत वेगवेगळी माणसं असतात. रात्री तर तिथे आज आपण खायला जातो. दुकानाच्या फळ्या बघा. सगळ्या फळ्या काढून एका बाजूला उभ्या केल्या असतील तर दुकान पुरतं उघडलेलं, दोन-तीनच काढल्या असतील तर मालक नुकताच आलाय किंवा निघालाय.

पायरी 7: हातात काय आहे आणि काय नाही

चेहऱ्यापेक्षा हात जास्त बोलतात. टांगेवाल्याच्या घोड्याला तोबरा (तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी) बांधलेला असेल तर सवारी इतक्यात निघायची नाही, टांगेवाला जवळच कुठेतरी सावलीत आहे. शोधा, बहुतेक वेळा सापडतो. मशक, म्हणजे पाण्याची कातडी पिशवी, पाठीवर फुगलेली असेल तर भिश्ती कामावर निघालाय, लोंबत असेल तर परत नळाकडे किंवा विहिरीकडे. छत्री मिटलेली आणि रस्ता ओला असेल तर पाऊस नुकताच थांबलाय.

आणि चुंबळ, म्हणजे ओझ्याखाली डोक्यावर ठेवायची कापडाची गोल वळी. डोक्यावर ओझं असताना चुंबळ दिसत नाही, ओझ्याखाली दबते. ती हातात किंवा मनगटावर अडकवलेली दिसली तर समजा की माणूस ओझं पोचवून परत निघालाय. म्हणजे पैसे मिळालेत, किंवा मिळायचेत, आणि पुढचं काम मिळेपर्यंत तो थोडा मोकळा आहे. एका रिकाम्या चुंबळीवरून माणसाचा मागचा तास आणि पुढचा तास दोन्ही हाती येतात. खुंटी म्हणतो ती अशी.

कपड्यांवरून जात आणि चेहऱ्यावरून स्वभाव ठरवण्याच्या फंदात पडू नका. इंग्रजी अमलात माणसांना जातीचे आणि धंद्यांचे "नमुने" म्हणून उभं करून ढिगाने फोटो काढले गेले. मथळ्यात नाव नाही, फक्त "पाणक्या", "हमाल". आपणही शंभर वर्षांनी तेच करायचं तर मग एवढी मेहनत कशाला?

पायरी 8: म्हाताऱ्या माणसांना विचारा, पण नीट

फोटो पुढे करून "आजी, हा कोण?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं.

"कोण कुठला तो, मला काय माहीत रे बाबा!"

संपलं. त्याऐवजी फोटो बाजूला ठेवा आणि कामाचं विचारा.

"आजी, तुमच्या लहानपणी पाणी घरात यायचं की बाहेरून आणायचे?"

"नळ होता की कोपऱ्यावर. पण त्याला पाणी यायचं पहाटे. मग भांडणं! आमची काकू घागर रात्रीच लावून ठेवायची रांगेत."

आता फोटो दाखवा. नळाशेजारी ओळीने ठेवलेल्या, बेवारस वाटणाऱ्या घागरी तुम्हाला आधी दिसल्या होत्या, त्यांचा अर्थ आत्ता लागला. असंच विचारा की मिलचा भोंगा कितीला व्हायचा, कुणाच्या घरी त्यावर घड्याळ लावायचे, डबा घेऊन कोण जायचं, भोंगा झाल्यावर रस्ता कसा भरायचा. हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद पडली, तेव्हा पाळ्या आठवणारी माणसं अजून आहेत. हे काम मात्र लांबणीवर टाकू नका. आणि काकांना बोलताना मध्येच तारखांसाठी अडवू नका. तारीख तुमच्या वहीत आहे, ती त्यांच्याकडे नसते.

कागदपत्रांतलं बघायचं तर स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांचा इंदूरवरचा 1918 चा नगररचना अहवाल चाळा. शहर प्लेग आणि घाणीने गांजलेलं होतं. गेडीस यांनी जाहीर केलं की यंदाची दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही, जिथे सर्वांत चांगली सफाई आणि डागडुजी होईल तिथून जाईल. मग काय, गल्ल्यागल्ल्यांत चुरस लागली. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराचं सोंग होतं आणि सफाई कामगार धुतलेल्या कपड्यांत, हार घालून मानाने चालले. त्या सुमाराच्या फोटोत एखाद्या साध्या घराची भिंत ताजी सारवलेली किंवा चुन्याने रंगवलेली दिसली तर ही हकीकत मनात ठेवून बघा. पुरावा म्हणून नको, शक्यता म्हणून.

पायरी 9: आता लिहा

वहीच्या पानावर उभ्या दोन रेघा मारा: "दिसतं", "बहुधा", "माझ्या मनातलं". प्रत्येक वाक्य कोणत्या रकान्यातलं ते तुम्हाला माहीत असायला हवं. लिहून झाल्यावर तिसऱ्या रकान्यातली वाक्यं निम्म्याहून जास्त झाली तर परत फोटोकडे जा.

नमुना म्हणून समजा असा फोटो आहे: कृष्णपुऱ्याच्या छत्र्या (होळकरांची स्मारकं) डावीकडे, खाली नदीचं पात्र, पुलाच्या कठड्यापाशी तोबरा बांधलेला घोडा. कठड्याला टेकून दहा-बारा वर्षांचा मुलगा, हातात चुंबळ. सावल्या आखूड. उजव्या कडेला अर्धवट कापली गेलेली, पुसट, छत्री घेतलेली आकृती. यावर मी असं लिहीन:

"ओझं कुणाचं होतं ते त्याला विचारायचं कारण नव्हतं. पूल ओलांडून टाकायचं होतं, ते टाकलं. परत जायची घाई नाही, कारण ऊन डोक्यावर आलंय आणि या वेळी नवं काम देणारं कुणी बाहेर पडत नाही. एरवी तो घोड्याच्या जवळ गेला असता, पण घोडा खातोय आणि खाताना त्याला हात लावलेला टांगेवाल्याला खपत नाही. म्हणून तो कठड्याला टेकून उभा आहे. पलीकडून एक साहेब तिपाईवर काळं फडकं पांघरून वाकलाय. छत्रीवाला बघायला थांबला नाही, भरभर निघून गेला. मुलाला वाटलं, बरं झालं, आता समोर कुणी नाही."

चुंबळ, सावली, तोबरा, पुसट छत्री या चारही खुंट्या आहेत. टांगेवाल्याचा स्वभाव माझ्या पदरचा. मुलाला नाव मी दिलेलं नाही, तुम्हीही देऊ नका. नाव दिलं की वाचणाऱ्याला ते सापडलेलं वाटतं आणि पुढे चार ठिकाणी ते खरं म्हणून फिरतं. मोठी घटनाही टाळा. प्लेग, लग्न, मृत्यू यांची खुंटी नसेल तर आणू नका. साध्या दुपारी लिहायला जास्त कसब लागतं आणि वाचायलाही त्या बऱ्या वाटतात.

भाषा त्या माणसाच्या तोंडची ठेवताना इंदूरचं भान असू द्या. टांगेवाला मराठी घरातल्या बाईशी कोणत्या बोलीत बोलला असेल? बाजारात माळवी होती, हिंदी होती, वाड्यांतून मराठी. पुण्याच्या पेठेतले संवाद सराफ्यात बसवले की लगेच खटकतात.

लोकांपुढे ठेवताना

फोटो आणि मजकूर एकत्र टाकणार असाल तर मजकुरावर "कल्पित" असं ठळक लिहा, आणि फोटोची माहिती वेगळी द्या: कुठे मिळाला, अंदाजे काळ, काय नक्की आणि काय नाही. घरगुती अल्बममधल्या फोटोला त्या घराची परवानगी घ्या, विशेषतः अलीकडच्या पन्नास-साठ वर्षांतला असेल तर. त्यातलं लहान मूल आज आजोबा होऊन याच शहरात राहत असेल. कुणी ओळख घेऊन आलं आणि ती तुमच्या मजकुराशी जुळली नाही, तर मजकूर पुसून टाकू नका. खाली त्यांची माहिती जोडा आणि कुठली खुंटी तुम्ही चुकीची वाचली ते लिहा. पुढच्या नवख्याला त्याचा सर्वात जास्त उपयोग होतो.

एक छापील प्रत मात्र जरूर काढा, चांगली पोस्टकार्डाएवढी, आणि ती घेऊन फोटोच्या जागी जा. सकाळी नको, तेव्हा दुकानदाराला बोहनीची घाई असते. दुपारी तीन-साडेतीनला जा. फोटो हातात धरून जागा जुळवत उभं राहिलात की पाच मिनिटांत कुणीतरी "क्या ढूँढ रहे हो भिया?" म्हणत येतोच. त्याला फोटो दाखवा, त्याच्या आजोबांचं दुकान कुठे होतं ते विचारा, आणि निघताना प्रत त्यालाच देऊन टाका. ती गल्ल्याच्या काचेखाली गेली की पुढची माहिती गिऱ्हाइकं आपणहून आणून देतात. तुम्ही अधूनमधून चहाला जायचं.